रात्रीच्या ड्राइव्हला शिस्त हवी

महोदय,

बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटाकडे रात्री एकत्र गाड्या नेणाऱ्यांनी एका गटात सहाच ठेवाव्यात. वाट माहीत असलेला पुढे, अनुभवी चालक शेवटी. जंगलात मोबाइलची रेंज जाते, म्हणून थांबे आधीच ठरवावेत. दोन गाड्यांत किमान तीन सेकंदांचे अंतर हवे, ओल्या रस्त्यावर दुप्पट. धुक्यात हाय बीमचा प्रकाश उलटून डोळ्यांवर येतो. लो बीमच लावावा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावणे तर साफ चूक, वळण्याचा इशाराच कळत नाही. उतारावर सतत दाबलेले ब्रेक तापून पकड सोडतात. खालचा गिअर टाकावा. गवा दिसला की हॉर्न न वाजवता थांबावे. आणि गावांतून जाताना गाणी बंद ठेवा, लोक झोपलेले असतात हो!

– काही मोटारप्रेमी, बेळगाव