मे महिन्यात नको, भाऊबीज झाली की ये

दुबई,
१६ ऑगस्ट

प्रिय शुभा,

परवा फोनवर तू म्हणालीस, मे महिन्याची तिकिटं स्वस्त मिळतायत, चिनूला सुट्टीही असते, तेव्हाच येतो सगळे, काकूंनाही घेऊन. मी नुसतं "बघू गं" म्हणून विषय बदलला. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. फोनवर सगळं नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

शुभे, मे महिन्यात नको येऊस.

आई-बाबा सहा वर्षांपूर्वी मेच्या अखेरीसच आले होते. तुला माहितीच आहे, सांगलीत बाबांचा पहाटे कृष्णेच्या घाटापर्यंतचा फेरा कधी चुकला नाही. इथेही पहिल्याच सकाळी ते बूट घालून बाहेर पडले. सात वाजले होते. पंधरा मिनिटांत परत आले. सदरा पाठीला चिकटलेला, चेहरा लालबुंद. सोफ्यावर बसून बराच वेळ बोललेच नाहीत. त्यानंतरचे आठ दिवस ते खिडकीशी खुर्ची ओढून खालचा रस्ता बघत बसायचे. मी त्यांना दोन मॉल दाखवले, तेही गाडीतून आत आणि आतून गाडीत. निघताना म्हणाले, "घर छान आहे हो तुझं." शहराबद्दल बोलायला त्यांच्याकडे काही नव्हतंच, मी दाखवलंच नव्हतं. ते परत यायचे राहिले ते राहिलेच. काकूंच्या बाबतीत मला तसं होऊ द्यायचं नाही.

आत्ता लिहितेय तेव्हा बाहेर त्रेचाळीस अंश आहे. आणि नुसतं ऊन असतं तर सोसलं असतं, आपण काय ऊन बघितलं नाही? पण इथे समुद्र लागून आहे, त्यामुळे संध्याकाळनंतर दमट होतं. दुकानातून बाहेर पाऊल टाकलं की माझ्या चष्म्यावर वाफ धरते आणि क्षणभर काहीच दिसत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांना कामाला लावायला सरकारची बंदी असते. यावरून काय ते समज.

यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे. भाऊबीज झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघा. चिनूची शाळा बंदच असेल. दुपारी तीसच्या आसपास आणि पहाटे अंगावर ओढणी घ्यावीशी वाटेल इतपत गारवा, अशी हवा असते तेव्हा. उन्हाळ्यात बंद असणारी देशोदेशींच्या दालनांची जत्रा म्हणजे ग्लोबल व्हिलेज आणि फुलांचं मिरॅकल गार्डन तेव्हा सुरू झालेलं असतं. तू शॉपिंग फेस्टिव्हलचं म्हणत होतीस, १९९६ पासून भरतो तो. पण तो डिसेंबरात सुरू होतो, आणि नाताळात हॉटेलांचे दर अव्वाच्या सव्वा असतात. सेलमध्ये चार कपडे स्वस्त मिळतील आणि खोलीच्या भाड्यात दुप्पट जातील. त्यात मला काही राम दिसत नाही. तुम्ही हॉटेलात राहणार नाहीच, पण विमानाचंही तेच गणित.

पहिल्या दिवशी मी तुम्हाला बुर्ज खलिफाला नेणार नाही. पहिल्या सकाळी आपण खाडीवर जाऊ. बर दुबईच्या धक्क्यावरून लाकडी होडी सुटते, तिला इथे अब्रा म्हणतात. मधोमध बाक, दोन्ही बाजूंना पाण्याकडे तोंड करून माणसं बसतात, डिझेलचा वास येतो, आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे देरा. भाडं एक दिरहम. साध्या मोटर-अब्राला अजून एवढंच आहे. धक्क्याला लागून मालाच्या गलबतांची रांग असते. फ्रीज, टायर, गाद्या, सगळं फळीवरून चढवत असतात.

काकूंना एक गोष्ट मुद्दाम सांग. बँकेत इतकी वर्षं नोटा मोजल्या ना त्यांनी? १९६६ पर्यंत इथे आपलाच रुपया चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळी नोट काढली, कारण आपला रुपया इकडून सोन्याच्या चोरट्या व्यापारात जात होता. मग १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि इथल्या अमिरातींनी तो सोडला. दिरहम आला १९७३ मध्ये. त्याही आधी इथले मोती मुंबईच्या बाजारात विकायला जायचे. जपानने कृत्रिम मोती पिकवायला घेतले आणि १९३०च्या सुमारास तो धंदा बसला. खाडीवर उभं राहून हे आठवलं की परक्या गावात आल्यासारखं वाटत नाही मला.

अब्राच्या अलीकडेच अल फहिदीची जुनी वस्ती आहे. इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांची घरं, भिंती समुद्रातल्या प्रवाळी दगडाच्या. कित्येक घरांवर चौकोनी मनोरा, त्याला बर्जील म्हणतात. चारही बाजूंनी उघडा असतो, वारा कुठूनही आला तरी तो धरून खालच्या खोलीत सोडतो. तिथे एका खोलीत मनोऱ्याच्या बरोबर खाली उभी राहून मी मान वर केली होती. डोक्यावरून गार झुळूक अशी उतरली! पंखा नाही, काही नाही. आपल्या जुन्या वाड्यातल्या माजघराची आठवण झाली.

आता सोन्याचं. पुतणीच्या लग्नासाठी दहा तोळे इथून घ्यायचे म्हणतेस. इथे शुद्ध मिळतं, वळणं सुंदर असतात, सगळं खरं. पण तुझा एक समज आधी काढते. बाईला चाळीस ग्रॅम आणि पुरुषाला वीस ग्रॅम दागिने विनाशुल्क नेता येतात, ते वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्यांसाठी आहे. आठ दिवस फिरायला आलेल्यांना ती सवलत लागू नाही. दहा तोळे नेलेस तर मुंबईला जाहीर करून शुल्क भरावं लागेल. लपवून न्यायचा विचार मनातसुद्धा आणू नकोस. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी अंगावर घालून नेलं, विमानतळावर चार तास बसवून ठेवलं त्यांना, बरोबर लहान मूल. त्यात आपल्याकडचं आयात शुल्क जुलै २०२४ मध्ये १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं गेलं, तेव्हा पूर्वीएवढा फरकही राहिला नव्हता. माझं ऐक, मोठे दागिने सांगलीतच कर. इथून काकूंच्या पसंतीने एखादी जोडी कुड्या किंवा बारीक साखळी घे, आठवण म्हणून, तीही जाहीर करून ने.

घेताना मात्र मी बरोबर असेन. दर रोज जाहीर होतो आणि तो सगळीकडे सारखाच असतो, त्यावर घासाघीस करायची नाही. घासाघीस घडणावळीवर. खड्याचं वजन सोन्यात धरलंय का ते आधी विचारायचं, बिलात वेगळं लिहून घ्यायचं. पहिल्या दुकानात कधीच घ्यायचं नाही. २०१८ पासून इथे पाच टक्के व्हॅट आहे, आणि एका बिलात अडीचशे दिरहमच्या वर खरेदी झाली तर पर्यटकांना त्यातला बराचसा परत मिळतो. त्यासाठी दुकानात पासपोर्ट दाखवायचा, आणि परत निघताना सामान देण्याआधी विमानतळावरच्या यंत्रावर नोंद करायची. सामान दिल्यावर आठवलं तर उपयोग नाही.

मनसोक्त खरेदी करायची तर मसाल्यांच्या बाजारात कर. इराणी केशर, ओमानचा धूप, वाळवलेली काळी लिंबं. खजूर चाखून घ्यायचा, खलास नावाचा मला सगळ्यात आवडतो, मऊ आणि साखरेच्या पाकासारखा.

बुर्ज खलिफाला नंतर एका दिवशी जाऊ. ८२८ मीटर उंच आहे, १२४ व्या मजल्यावर मिनिटभरात नेतात. सूर्यास्ताच्या वेळेचं तिकीट महाग असतं, म्हणून सकाळचं काढू. मेट्रो स्टेशनपासून दुबई मॉलपर्यंत सरकत्या पट्ट्यांचा लांबलचक पूल आहे, काकूंच्या गुडघ्यांना तो झेपणार नाही, टॅक्सीने जाऊ. चिनूला मात्र एकदा मेट्रोत पहिल्या डब्यात उभं करीन. चालक नसतो, समोर काच, रूळ अंगावर येतात. वाळवंटातल्या सफारीला तू, भाऊजी आणि चिनू जा. गाडी वाळूच्या डोंगरांवरून आपटत जाते, काकूंनी नको. आम्ही दोघी त्या दिवशी करामा नावाच्या भागात साबुदाणा वडा खाऊ, तिथे आपल्याकडची खानावळ आहे.

आणि हे विसरू नकोस: फराळ आणशील, पण अनारसे आणू नकोस. खसखस इथे बंदी असलेल्या मालात मोडते, एक पुडीसुद्धा चालत नाही. तुझ्या गोड्या मसाल्यात घालतेस, तोही नको. विड्याची पानं, तंबाखू नाही. काकूंची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आण, खोकल्याच्या औषधात कोडीन नाही ना ते बघून घे. चकल्या आण भरपूर. मेतकूट आण. आणि सगळ्यांची एकेक शाल, बाहेर कितीही ऊन असलं तरी मॉलमध्ये एसीने दात वाजतात.

गणपती झाले की पासपोर्टचे फोटो पाठव, व्हिसाचं मी इथून बघते. आणि काकूंना आत्ताच विचारून ठेव, पहाटे साडेपाचला उठतील ना? अब्रात काठावरची जागा मिळायला लवकर जावं लागतं.

भाऊजींना नमस्कार, चिनूला पापा.

तुझीच,
विदू