युनियनवाला आमदार

प्रिय आई-बाबा,
सा. न.

आई, मेतकूट पोचलं. पिशवी वाटेत फुटली होती, पण निम्मं वाचलं.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "युनियनवाला आमदार झाला की आधी गाडी घेतो." मी गप्प बसले. १९८२ च्या गिरणी संपानंतर आपल्या घरात काय काय झालं ते मला ठाऊक आहे. संप सुरू झाला, तो मागे घेतल्याचं मात्र कुणी जाहीरच केलं नाही, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत! पण आमच्या इथल्या, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या, आमदाराचं ऐका, मग बोला.

राज चौहान. १९७३ मध्ये पंजाबातून कॅनडात आले. तेव्हा इथल्या शेतांवर राबायला बहुतेक पंजाबी माणसंच. आमच्या शेजारच्या आजी त्यातल्याच. पहाटे मुकादम व्हॅनमध्ये कोंबून न्यायचा. रास्पबेरी खुडायची ती खोक्यावर मजुरी. किती खोकी भरली ते मुकादमाच्या वहीत, आणि पैसे त्याचा वाटा कापून, हंगाम संपल्यावर. शेतावर संडास नसायचा, म्हणून बायका दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. आजींना अजून रास्पबेरी तोंडात घालवत नाही. (मी एकदा हौसेने जॅम नेऊन दिला होता. मुकाट परत आणला.)

शेतमजुरांना तेव्हा किमान वेतनाचं संरक्षणच नव्हतं. १९८० मध्ये त्यांची युनियन उभी राहिली आणि चौहान तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे बरीच वर्षं इस्पितळ कर्मचाऱ्यांच्या युनियनमध्ये वाटाघाटी केल्या. २००५ पासून ते प्रांताच्या विधानसभेत आहेत, न्यू डेमोक्रॅटिक पक्षाकडून.

आता गंमत बघा. २०२० मध्ये त्यांना सभापती केलं. जन्मभर घोषणा दिलेला माणूस काळा झगा घालून दुसऱ्यांना गप्प बसवतो! सभापतीला चर्चेत भाग घेता येत नाही, मतही द्यायचं ते समसमान झाली तरच. आणि २०२५ मध्ये नेमकी तीच वेळ आली. मोठे प्रकल्प झटपट मंजूर करण्याचा कायदा होता. इथले आदिवासी समाज आणि नगरपालिका त्याच्या विरोधात होत्या. मतं पडली ४६-४६. चौहानांनी सरकारच्या बाजूने कौल दिला. मला ते रुचलं नाही. जुना युनियनवाला रस्त्यावरच्यांचं ऐकेल असं वाटलं होतं. आजी म्हणाल्या, "पुत्तर, खुर्चीत बसलं की खुर्चीचं काम करावं लागतं." तुम्ही असता तर तुमचं नि त्यांचं चांगलंच जुंपलं असतं.

त्यांची गाडी कुठली ते मला माहीत नाही हो, बाबा.

एक काम करा. माळ्यावरच्या ट्रंकेत युनियनच्या वर्गणीच्या पावत्या आहेत ना, आईने रद्दीत घालू दिल्या नाहीत त्या, त्यातल्या एकीचा फोटो पाठवा. आजींना तुमचा खात्याचा नंबर बघायचाय.

तुमची,
सुमी