नागपूरकरांनी जॅझ ऐकलाच नाही म्हणता? आम्ही तिघांनी तरी ऐकलाय

संपादक महोदय,
स. न.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या जॅझ संगीतावरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, लिहिणाऱ्याने मेहनत घेतलेली दिसते, पण दोन ठिकाणी मला चहाचा कप खाली ठेवावा लागला. एक म्हणजे सॅक्सोफोनला सरळ पितळी वाद्य म्हटलंय. आणि दुसरं, अस्सल जॅझ नागपूरकरांच्या कानापर्यंत कधी पोचलाच नाही अशा अर्थाचं एक वाक्य आहे. पहिली चूक समजू शकतो, भल्याभल्यांची होते. दुसरी नाही समजू शकत, कारण मी ऐकलाय, समोर बसून ऐकलाय, आणि एकटा नाही, आम्ही तिघं होतो.

आधी पितळेचं उरकतो. सॅक्सचं अंग पितळेचं असतं हे खरं, पण आवाज पितळेचा नाही. तोंडाशी बोरूच्या जातीच्या गवताची एक पातळ पट्टी बांधलेली असते, रीड म्हणतात तिला, ती थरथरते तेव्हा आतली हवा बोलते, म्हणून ह्याला क्लॅरिनेटच्या घरातलं धरतात, ट्रम्पेटच्या नाही. आपल्या हिशोबाने सनईच्या नात्यातलं, फक्त सनईची पत्ती दुहेरी आणि ह्याची एकेरी. अडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन माणसाने 1846 मध्ये पॅरिसला ह्याचं पेटंट घेतलं. हे सगळं मी काही पुस्तकातून नाही शिकलो, इतवारीत आमच्या मावशीच्या घरामागे लग्नाच्या बँडात वाजवणारे एक चाचा राहायचे त्यांच्याकडे बघून शिकलो. चाचा वाजवायच्या आधी दहा मिनिटं रीड जिभेखाली धरून बसायचे, ती ओली व्हावी लागते ना, आणि तेवढ्या वेळात कोणी काही विचारलं तर बोबडं उत्तर द्यायचे. मग काढून बल्बसमोर धरायचे, अर्ध्या ब्लेडने एका बाजूने हलकीशी खरवडायचे, परत तोंडात, परत बल्बसमोर. एका रीडपायी कधी कधी अख्खी सकाळ. वरातीत लोक ज्यावर नाचायचे तो आवाज त्या नखाएवढ्या जाड पट्टीवर उभा होता हे नाचणाऱ्यांना काय माहीत.

तर नागपूरला सॅक्स नवा नाही हो. बँडात होता, कामठीला मिलिटरी बँडात होता, ऑर्केस्ट्रात होता. आणि सिनेमाच्या गाण्यांतून तर घराघरात होता, फक्त वाजवणाऱ्याचं नाव कोणी विचारलं नाही. ‘है दुनिया उसी की’ मधला तो सॅक्स मनोहारी सिंगांचा, कलकत्त्याचा माणूस, 2010 मध्ये गेले. पानठेल्यावर त्या गाण्याला माना डोलावणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल? तिकडे दक्षिणेत कद्री गोपालनाथांनी तर त्याच सॅक्सवर कर्नाटक संगीत बसवलं आणि 1994 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसी प्रॉम्स ह्या संगीत महोत्सवात वाजवून आले. असो, मुद्दा जॅझचा आहे.

आम्हाला जॅझ लागला तो रेडिओवरून. व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कोनोवर नावाचा माणूस रात्री जॅझचा कार्यक्रम द्यायचा, शॉर्टवेव्हवर, खर्जातला आवाज, आणि इतकं हळू आणि सुटंसुटं बोलायचा की आमच्यासारख्या मराठी मीडियमच्या पोट्ट्यांनाही कळावं. घरी मर्फीचा रेडिओ होता, स्टेशन सारखं वाहून जायचं, ऐन सोलोच्या मध्ये खरखर, मग कोणी तरी उठून एरियलची तार हातात धरून उभं राहायचं. वडील म्हणायचे काय हे रेडे रेकून राहिले रात्रीचे. माझ्यासोबत जे दोघं ऐकायला यायचे त्यातला एक पुढे बँकेत लागला आणि एक कॉलेजात फिजिक्स शिकवायला, म्हणून इथे त्यांना बँकवाला आणि प्रोफेसर म्हणतो, नावं छापलेली त्यांना आवडणार नाहीत.

1978 च्या फेब्रुवारीत मुंबईत पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझचा महोत्सव, झाली, जॅझप्रेमी निरंजन झवेरींच्या पुढाकाराने, धोबी तलावच्या रंगभवनात. आणि त्यात सनी रॉलिन्स येणार असं कळलं. सनी रॉलिन्स! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, 1930 चा जन्म, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला, टेनर सॅक्स (खालच्या सुरांचा, मोठा) वाजवणाऱ्यांत ज्याच्या नावापुढे वाद घालत नाहीत असा माणूस. मी तेव्हा रेल्वेत क्लार्क, मला पास होता, बाकी दोघांनी घरून काय सांगून पैसे काढले ते इथे लिहीत नाही. गीतांजली एक्सप्रेस तेव्हा नुकतीच सुरू झाली होती, मधु दंडवते रेल्वेमंत्री होते आणि त्यांनी ही गाडी मुद्दाम वर्गभेदाशिवाय काढली होती, फर्स्ट क्लास नाहीच. तिच्यात बसून गेलो. बँकवाल्याने सोबत एक भला मोठा टेपरेकॉर्डर घेतला होता, कुवेतहून आलेल्या मेव्हण्याचा, मेव्हण्याला न विचारता.

रंगभवन म्हणजे उघडं थिएटर, वर आभाळ. आमची जागा पार मागे होती, पण पुढच्या काही खुर्च्या रिकाम्या दिसल्या तसे आम्ही एकेक रांग करत सरकत गेलो. बाजूला एक गोवेकर काका होते, त्यांनी आम्हाला ओळखलं लगेच, की हे बाहेरगावचे आहेत म्हणून, कारण बँकवाला त्या मुंबईच्या उकाड्यात अंगभर शाल पांघरून बसला होता. शालीखाली टेपरेकॉर्डर.

आता मैफलीचं सांगायचं तर इथूनच आमची भांडणं सुरू होतात. प्रोफेसर म्हणतो रॉलिन्सचा शर्ट पांढरा होता. बँकवाला म्हणतो लाल, शपथ घेऊन लाल. मला शर्ट आठवतच नाही, मला गळ्यातला पट्टा आठवतो आणि बोटं आठवतात. बँकवाला म्हणतो तो स्टेजवरून खाली उतरून लोकांत आला होता, आम्ही दोघं म्हणतो अबे तो स्टेजच्या काठापर्यंत आला आणि परत फिरला. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं झाली, दर कोजागिरीला हे भांडण होतं, आमच्या बायकांना पाठ झालंय.

पण एका गोष्टीवर तिघांचं एकमत आहे. मध्येच एका ठिकाणी बाकीचे वादक थांबले. ड्रम थांबला, सगळे थांबले, आणि हा माणूस एकटाच वाजवत राहिला. आम्हाला आधी वाटलं काही चुकलं की काय. तो आपला चालूच. एक धून अर्धी वाजवायची, तिच्या शेपटीला दुसरीच कुठली तरी लावायची, मध्येच काहीतरी बालवाडीतल्या गाण्यासारखं, लोक हसले की लगेच ते मोडून असा खाली खर्जात जायचा की खुर्चीची लोखंडी दांडी पाठीला बारीकशी थरथरलेली जाणवावी. ख्यालातला गवय्या कसा समेच्या जवळ येतो आणि हूल देऊन निघून जातो, तसं, फक्त इथे तबला नाही, ठेका आपल्याच पायात. प्रोफेसर म्हणतो अकरा मिनिटं, त्याने घड्याळ पाहिलं होतं (रॉलिन्स एकटा वाजवतोय आणि हा घड्याळ बघतोय, फिजिक्सवाला माणूस, काय बोलणार). बँकवाला म्हणतो अर्धा तास. आणि जे रेडिओवर कधीच कळलं नव्हतं ते तिथे कळलं, की त्याचा श्वास ऐकू येतो. दोन वाक्यांच्या मध्ये माइकमधून तो नाकाने ओढलेला श्वास, जड, विहिरीतून बादली वर काढणाऱ्या माणसासारखा. आणि बटणांवरच्या गाद्या बसल्याची टपटप. पुढे मी त्याच्या कॅसेट घेतल्या, सीडी घेतल्या, आता नातू फोनवर लावून देतो, त्यात तो श्वास आहे की नाही हे मी कान लावून लावून शोधतो, कुठे कुठे आहे, पण साफ करून टाकल्यासारखा.

मग बाकीचे वादक परत आले आणि ती नाचरी कॅलिप्सो, कॅरिबियन बेटांवरच्या गाण्याची चाल, सुरू झाली, त्याचे आईवडील तिकडच्याच व्हर्जिन आयलंड्सकडचे, ती चाल त्याच्या रक्तातलीच, आणि आमचे गोवेकर काका उठून नाचायला लागले. बँकवालाही उठला. शाल पडली, टेपरेकॉर्डर दिसला, कोणी काही बोललं नाही.

त्या टेपचं काय झालं विचाराल. नागपूरला आल्यावर ऐकली तर त्यात मुख्य आवाज शालीचा, मग काकांचा खोकला, मग कोणी तरी शेंगदाणे खातंय, आणि लांब कुठेतरी पाणी भरलेल्या कानात ऐकू यावा तसा सॅक्स. तरी आम्ही ती जपली. पुढे बँकवाल्याच्या घरी त्याच कॅसेटवर कोणी तरी पोरींची भुलाबाईची गाणी टेप केली. त्याने महिनाभर घरात तोंड उघडलं नाही. आता ती कॅसेट माझ्याकडे आहे, बी साइडला पोरी गाऊन राहिल्या, खिरापत ओळखून राहिल्या, लाडू का चिवडा, चिवडा का लाडू, आणि ते सगळं संपल्यावर शेवटी टेप संपता संपता सात-आठ सेकंद रॉलिन्स उरलाय. त्यातही एक श्वास आहे. एवढंच आमच्याकडे पुरावा म्हणून आहे, तुमच्या वार्ताहराला ऐकायचं असेल तर घरी या, चहा पाजतो.

आता हे पत्र लिहायला बसायचं खरं कारण. प्रोफेसरचा नातू सतरा वर्षांचा आहे, त्याने सेकंडहँड अल्टो सॅक्स (टेनरपेक्षा लहान, वरच्या सुरांचा) घेतलाय, आजोबाच्या गोष्टी ऐकूनच. मुलगा बरा वाजवतो, म्हणजे अजून किंचाळतो पण सूर धरून बसायला लागलाय. तर त्यांच्या सोसायटीने लेखी नोटीस दिली, इमारतीत आजारी माणसं आहेत, वाजवू नये. ठीक आहे, माणसं आजारी असतातच. पण त्याच सोसायटीच्या गेटसमोर वराती येतात तेव्हा डीजेने खिडक्यांच्या काचा वाजतात, तेव्हा कोणाच्या छातीत धडधडत नाही? आता पोरगा संध्याकाळी बापाची गाडी घेऊन रिंग रोडच्या कडेला लावतो आणि काचा वर करून आत वाजवतो. मे महिन्यात, नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीत. एसी लावला तर त्याचा आवाज येतो म्हणून तोही बंद. घामाने बोटं बटणांवरून घसरतात म्हणे.

त्याला मी सांगितलं की रॉलिन्सचंही हेच झालं होतं. 1959 मध्ये नाव शिखरावर असताना त्याने मैफली सोडून दिल्या, आपलं वाजवणं आपल्यालाच पटत नाही म्हणून, आणि रियाज करायचा तर शेजारी एक गरोदर बाई राहायची, तिला त्रास नको म्हणून सॅक्स घेऊन न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग ब्रिजवर जाऊन वाजवायला लागला. दिवसाचे कधी कधी पंधरा-पंधरा तास, थंडीतही. दोन वर्षं. 1961 च्या शेवटी परत आला आणि 1962 मध्ये त्या पुलाचंच नाव दिलेली रेकॉर्ड काढली. आणि मग साठचं दशक संपता संपता पुन्हा सगळं सोडून आपल्याकडे आला, पवईच्या आश्रमात जाऊन राहिला योग शिकायला. म्हणजे 1978 मध्ये आम्ही मोठ्या ऐटीत त्याला बघायला मुंबईला गेलो, पण तो आपल्या राज्यात आमच्या आधी राहून गेला होता. पोट्टा म्हणाला, आबा, त्याच्याकडे पूल होता, आपल्याकडे फ्लायओव्हरवर थांबलं तर चालान होते.

रंगभवनही आता गप्प आहे. आजूबाजूला हॉस्पिटल, कॉलेज, शंभर मीटरचा सायलेन्स झोन, नियमाने तिथले असे कार्यक्रम बंद झाले. नियमाला माझं काही म्हणणं नाही. पण आपल्या नागपुरात महापालिकेच्या एवढ्या बागा आहेत, त्यातल्या एखाद्या बागेचा एक कोपरा, लोकवस्तीपासून लांबचा, रोज संध्याकाळी तासभर वाजवणाऱ्यांना दिला तर काय बिघडेल? सॅक्स असो, सनई असो, ढोल सोडून काहीही. आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा ही विनंती.

आणि दुसरी विनंती, 1978 मध्ये रंगभवनात असलेला आणखी कोणी वाचक विदर्भात असेल तर त्याने तुमच्या पत्त्यावर दोन ओळी कळवाव्यात. गेला कोणी नसेलच असं मला वाटत नाही, आमच्यासारखे येडे प्रत्येक गावात असतात. शर्टाचा रंग काय होता तेवढं सांगा.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी
अजनी, नागपूर

ता. क. पत्र टाकण्याआधी प्रोफेसरला वाचून दाखवलं. तो म्हणतो आपण गीतांजलीने गेलोच नव्हतो, हावडा मेलने गेलो होतो. पास माझा होता, त्यामुळे निदान ह्या बाबतीत माझंच खरं धरावं.