कायदा आहे, पोच मिळत नाही

मा. संपादक,
स. न.

परवाचा अग्रलेख वाचला. द्वेषाच्या भाषणांसाठी वेगळा कडक कायदा हवा वगैरे. छान लिहिलंय. पण साहेब, आहे तो कायदा कधी वापरून बघितलाय का? मी बघितला, म्हणून लिहितोय.

गेल्या सीताफळाच्या सीझनला आमच्या चौकात सभा झाली. माइकवरून सरळ सांगितलं, गाडीवाल्याला आधी नाव विचारा, मग काय ते घ्या. विचारायची पण गरज नाही हो, स्कॅनर मारला की मोबाईलवर नाव येतंच. आमचे फळवाले चाचा बावीस वर्षं त्याच कोपऱ्यावर, डोळे उघडलेली सीताफळं आमच्या हिच्यासाठी बाजूला काढून ठेवणारे, त्यांनी दुसऱ्या दिवशी स्कॅनरचं स्टिकर नखाने खरवडलं. अर्धंच निघालं. "सुट्टे असतील तर द्या" म्हणाले, माझ्याकडे न बघता.

मी व्हिडिओ घेऊन गेलो पोलीस स्टेशनला. "काका, असल्या मॅटरला वरून मंजुरी लागते, अर्ज देऊन जा." आता मी जन्मभर कारकुनी केलेला माणूस, कलमं वाचायची खोड आहे. मंजुरी लागते ती कोर्टाने दखल घेताना, गुन्हा नोंदवायला नाही. न्याय संहितेचं कलम 196, म्हणजे धर्म-जातीवरून तेढ पसरवण्याबद्दलचं जुनं 153 अ, दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2023 मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलंय की तक्रारीची वाट बघू नका, स्वतःहून गुन्हा नोंदवा, उशीर केलात तर तो कोर्टाचा अवमान धरू. हे सगळं मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, पोच हवी तर झेरॉक्स आणा. समोरचा झेरॉक्सवाला जेवायला गेलेला.

पालघर आठवतंय का, 2012? एका मुलीने बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने नुसतं लाइक केलं, आणि लगेच दोघींना अटक. तेव्हा बरी फाइल धावली! तेव्हा लावलेलं आयटी कायद्याचं कलम 66 अ 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलं, पण कुणावर कलम लावायचं आणि कुणाला अर्ज द्यायला लावायचा हे ठरवणारं टेबल तेच आहे. तुमचा नवीन कायदा पण त्याच टेबलावर जाणार ना? मग तो आधी कुणाला लागेल, माइकवाल्याला की लाइकवालीला?

अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणाल तर मी त्याच्याच बाजूचा आहे. सरकारला शिव्या घाला, मला घाला, मला तर सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगला पडतात. पण अमक्याकडून फळं घेऊ नका असं चौकात माइकवरून सांगणं हे मत नाही, तो पोटावर पाय आहे.

आणि आता तुमचं. त्या सभेची बातमी तुमच्याच पेपरात आली होती, फोटोसकट, "घणाघाती भाषण" म्हणून, आणि ते नाव विचारायचं वाक्य चौकटीत! अग्रलेख आणि बातमी एकाच ऑफिसात लिहितात ना? शिवाय माझं टँकरवरचं पत्र तुम्ही मागे असं कापलंत की मी टँकरवाल्याचा माणूस वाटलो. हे कापायचंच असेल तर कलमं कापा, स्टिकरचं राहू द्या.

नाव छापू नका, चौक छोटा आहे.

– एक जुना वाचक