कऱ्हाडच्या डीटीपीवाल्या काकांना

काका,
सा. न. वि. वि.

पत्रात नाव घालायचं नाही, असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून घालत नाही. पण पत्र उघडंच लिहिते आहे. मराठीत डीटीपीचं काम करणारी माणसं गावोगाव आहेत, त्यांच्यापर्यंत हे जावं अशी माझी फार इच्छा आहे.

मी आईबरोबर तुमच्या दुकानात आले तेव्हा आषाढ होता. भूगोलाच्या त्या जाड पुस्तकाच्या आतल्या पानावर 'अक्षरजुळणी' म्हणून तुमचा पत्ता छापलेला आहे, तो आईनं वाचून दाखवला होता. लेखक सरांनी मला विश्वासानं पुस्तकाची पीडीएफ दिली होती. मला दिसत नाही, आणि माझ्या संगणकाला ती वाचून दाखवता येत नव्हती. "पीडीएफ आहे ना, मग अडचण काय?" असं तुम्ही विचारलंत. हे मला सगळेच विचारतात. तुम्ही मात्र उत्तर ऐकायला खुर्ची ओढून बसलात.

मी लॅपटॉप काढला आणि एनव्हीडीए सुरू केलं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं 2006 साली सुरू केलेला आणि जेम्स टेह या अंध मित्राबरोबर वाढवलेला हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, आजही फुकट मिळतो; तो नसता तर माझं शिक्षण बारावीतच थांबलं असतं. पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. कुठल्याच भाषेत नसलेले आवाज यायला लागले. मग मी एका शब्दावर थांबून बाणाची कळ एकेक अक्षर पुढे नेली. ई. जे. के. कॅप बी. एच.

तुम्ही एकदम गप्प झालात. मग म्हणालात, "अगं, हे तर 'मराठी' आहे."

या कळा तुमच्या बोटांनी हजारो वेळा दाबल्या असतील. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा आकार चढवतो. डोळ्यांना 'म' दिसतो, फाइलमध्ये असतो 'ई'. छपाईचं काम त्यानं चोख होतं, कारण कागदाला आत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. माझ्या स्क्रीन रीडरला मात्र फक्त आतलंच कळतं. तुम्ही मॉनिटर बंद केलात (त्याच्या बटणाचा आवाज मला आला) आणि म्हणालात, "परत लाव." पूर्ण पान तुम्ही तसंच ऐकलंत. त्या पाच मिनिटांसाठी मी तुमची कायम ऋणी राहीन.

काका, तुम्हाला कधी सांगितलं नाही, ते आता सांगते. नववीपर्यंत मी फळा वाचत होते. रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, आणि बारावीत समोरचं पानही गेलं. पुढची तीन वर्षं आई कामावरून आली की जेवणानंतर मला वाचून दाखवायची. वाचता वाचता तिचा आवाज जड व्हायचा, एका वाक्याचा शेवट दुसऱ्याला जोडला जायचा, आणि मला कळायचं की तिला झोप लागते आहे. मावसभावानं काही धडे फोनवर रेकॉर्ड करून दिले. पण रेकॉर्डिंगमध्ये 'वैतरणा' शोधता येत नाही. 'वशिष्ठी'तला 'ष्ठ' कसा लिहायचा, तेही कळत नाही. पाच वर्षांत मी मराठी शब्द नुसते ऐकले होते, त्यांची अक्षरं माझ्या हातून निसटत चालली होती. सुगम्य पुस्तकालय हे आमच्यासारख्यांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय 2016 पासून आहे, तिथून मी पुष्कळ वाचलं. पण मला हवं होतं ते पुस्तक तिथे नव्हतं.

प्रकाशकांना आधी भीती वाटली, फाइल बाहेर गेली की दुसरं कुणीतरी छापेल. तेव्हा तुम्ही स्वतः माझ्याबरोबर आलात. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये 2012 साली दुरुस्ती झाली आहे, अपंग व्यक्तीला वाचता येईल अशी प्रत करून दिली तर तो हक्कभंग होत नाही, हा कागद मी बरोबर नेला होता. अंधांना वाचता येतील अशी पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा भारत 2014 साली जगातला पहिला देश ठरला, हेही सांगितलं. पण खरं सांगू? कायद्यापेक्षा तुमच्या एका वाक्यानं काम झालं. "पोरगी पुस्तक विकत घेऊनच आली आहे, तिला ते उघडता येत नाही एवढंच," असं तुम्ही म्हणालात.

मग तुमचं खरं काम सुरू झालं. पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमधून मजकूर काढायचा, कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, आणायचा, इतकंच असेल असं आपल्या दोघांनाही वाटलं होतं. पहिला धडा आला आणि 'वर्ष'च्या जागी 'वषर्' निघालं. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षराच्या नंतर टाइप करतात, युनिकोडमध्ये तो आधी यावा लागतो. ऱ्हस्व वेलांटीचं नेमकं उलटं. हे सगळं तुम्ही मला फोनवर समजावून सांगितलंत, आणि रफार म्हणजे मुळात आधी उच्चारलेला 'र' हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट उमगलं.

दुसऱ्या धड्यात मी ऐकलं: 'सह्याद्रीत खोल दर्या आहेत.' मी चक्रावले. सह्याद्रीत दर्या कुठून आला? दोन-तीनदा ऐकल्यावर उजेड पडला, त्या 'दऱ्या' होत्या. आपल्या मराठीतला हा अर्धा 'ऱ' कन्व्हर्टरला ओळखता येत नव्हता. दिसेल तिथे तो त्याचा रफार करून टाकत होता. दऱ्या, वाऱ्यांची दिशा, किनाऱ्यालगत, शेतकऱ्यांच्या. भूगोलाच्या पुस्तकात हा 'ऱ' किती ठिकाणी येतो, ते तुम्हीच मोजलं असेल. सगळे शब्द एकदम बदलून टाकता येत नव्हते, कारण 'पर्याय' आणि 'सूर्या'तला रफार खराच आहे. म्हणून तुम्ही तीनशे चाळीस पानं हातानं तपासलीत. दिवसा लग्नपत्रिका, पावत्या, मग दिवाळी अंकाची घाई, आणि रात्री दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून माझं पुस्तक. दर चार-पाच दिवसांनी एक धडा यायचा, मी ऐकायचे, चुका सांगायचे. मी पैशाचा विषय काढला की तुम्ही फोन ठेवून द्यायचात.

नद्यांच्या तक्त्याचं तर मी सगळ्यांना सांगते. पीडीएफमध्ये आधी सगळ्या नद्यांची नावं यायची, मग सगळे आकडे. कुठला आकडा कुणाचा, ते बोटांवर मोजत बसायचं. तुम्ही तो खराखुरा तक्ता करून दिलात, वरच्या ओळीला मथळे म्हणून खूण करून. आता मी एका घरातून दुसऱ्या घरात जाते आणि कानावर येतं: गोदावरी, लांबी, 1465 किलोमीटर. तापी, लांबी, 724. धड्यांना मथळ्यांची शैली लावलीत, त्यामुळे एच दाबला की पुढचा मथळा. डोळस माणूस पानं चाळतो तशी मी सात वर्षांनी पुस्तक चाळलं.

आणि नकाशे. "नकाशात काय लिहू?" असं विचारायला तुमचा फोन आला होता. मी म्हटलं, "फोनवर कुणाला रस्ता सांगता तसं सांगा." तुमचं ते वर्णन मला पाठ आहे. 'डावीकडे समुद्र. त्याला धरून वरून खाली सह्याद्रीची भिंत. भिंतीच्या उजव्या अंगाला तीन नद्या निघतात: सगळ्यात वर त्र्यंबकेश्वरला गोदावरी, तिच्या खाली भीमाशंकरला भीमा, आणखी खाली महाबळेश्वरला कृष्णा. तिघीही समुद्राकडे पाठ करून पूर्वेला जातात.' पुढे कृष्णेच्या नकाशाखाली तुम्ही लिहिलंत: 'आपल्या गावात कृष्णा उत्तरेकडून येते आणि कोयना तिच्या समोरून येऊन मिळते, मग दोघी पूर्वेला वळतात. घाटावर तू उभी राहिलीस तर दोन्ही पाण्यांचा आवाज येईल.' छापील पुस्तकात हे वाक्य नाही. ते तुम्ही माझ्यासाठी घातलंत. मी आईला घेऊन प्रीतिसंगमावर गेले, पुरानंतरच्या दिवसांत, आणि उभी राहिले.

अपंग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 30 एप्रिल 2025 रोजी सांगितलं. हा कायदा आणि हा निकाल मी स्वतः वाचलेत आणि मला त्यांचा फार आधार वाटतो. पण मराठीतला अर्धा 'ऱ' जागेवर बसवायला शेवटी अक्षरजुळणी येणाराच माणूस लागतो.

मला नोकरी लागली, ते तुम्हाला माहीत आहे. पेढे घेऊन आलेच होते. तुमच्या फाइलवर आता माझ्यासारखी आणखी चार मुलं अभ्यास करतात, लेखक सरांच्या परवानगीनं. परवा मात्र वेगळंच घडलं. ओळखीतल्या लग्नाची पत्रिका ग्रुपवर आली. नेहमीप्रमाणे नुसतं चित्र असेल म्हणून मी पुढे जाणार होते, तर खाली सगळा मजकूर टाइप केलेला. मुहूर्त, स्थळ, आणि शेवटी 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!' ही ओळसुद्धा. लहानपणी मी पत्रिकेत आधी तीच ओळ शोधायचे. तुमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पत्रिकेबरोबर आता मजकूरही जातो, असं वधूपक्षाकडून कळलं. तुम्ही मला सांगितलंसुद्धा नव्हतं.

"चूक सापडली की कळवत जा, फाइल अजून माझ्याकडेच आहे," असं तुम्ही म्हणाला होतात. एक सापडली आहे. सोळाव्या धड्यात, साखर कारखान्यांच्या परिच्छेदात, तिसऱ्या ओळीवर: आपलं कऱ्हाड अजून 'कर्हाड' राहिलं आहे.

आईचा नमस्कार.