'पॅन्टो' चढवलं म्हणजे अल्सर आटोक्यात?

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीत अल्सरच्या रक्तस्रावावर जे छापलंय, ते एखाद्या डॉक्टरने छपाईआधी नजरेखालून घातलं होतं का? 'पॅन्टो'चं, म्हणजे आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोलचं, इंजेक्शन दिलं की 'दुर्बिणीची कटकट टळते', असं लेखकमहाशय बिनधास्त लिहून गेले आहेत. उलटीतून रक्त पडणाऱ्या पेशंटच्या घरच्यांनी हे वाचून एंडोस्कोपीला, म्हणजे याच दुर्बिणीच्या तपासणीला, नकार दिला, तर जबाबदार कोण?

आम्ल तीव्र असताना प्लेटलेट नीट चिकटत नाहीत आणि धरलेली गुठळी पेप्सिन हा पोटातला पाचक घटक विरघळवून टाकतो. पोटातला पीएच (हा आकडा जितका जास्त, तितकं आम्ल कमी) ६ च्या वर राहिला तर गुठळी टिकते. पॅन्टोप्राझोल किंवा इसोमेप्राझोलचं काम एवढंच. व्रणाच्या तळाशी फुटलेली धमनी ते बांधत नाही. ती बांधायची दुर्बिणीतून, शक्यतो पहिल्या २४ तासांत, क्लिप लावून किंवा उष्णता देऊन. नुसतं रक्तवाहिन्या आवळणारं अ‍ॅड्रेनालिन टोचून बाहेर येणं हेही अपुरंच, कारण त्याचा असर ओसरला की रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं.

लेखात 'हाँगकाँगचं संशोधन' असा मोघम दाखला आहे. २००० सालच्या त्या चाचणीत सगळ्याच, म्हणजे २४० पेशंटांवर आधी दुर्बिणीतून उपचार झाले होते. मग निम्म्यांना ओमेप्राझोल, म्हणजे पॅन्टोप्राझोलच्याच जातीचं औषध, मिळालं. ३० दिवसांत पुन्हा रक्तस्राव झाला तो औषधवाल्यांपैकी ६.७ टक्के आणि उरलेल्यांपैकी २२.५ टक्के जणांना. 'आधी' हा शब्द लेखकाने गाळला आणि अर्थ पार उलटा झाला. दुर्बिणीआधी औषध सुरू करायला हरकत नाही. त्याने दुर्बिणीतून उपचार करण्याची गरज काहींना उरत नाही, पण मृत्यू कमी झाल्याचं दिसलेलं नाही.

डोस तर दिलेलाच नाही! धोक्याच्या व्रणावर उपचार झाल्यावर ८० मिलिग्रॅम एकदम, मग ताशी ८ मिलिग्रॅम, ७२ तास. ४० मिलिग्रॅमच्या १७ व्हायल होतात. असं सावकाश औषध सोडणारा पंप नसेल तर ८० नंतर ४० मिलिग्रॅम दिवसातून दोन ते चार वेळा, तीन दिवस. सकाळी एक व्हायल टोचून 'पॅन्टो चालू आहे' म्हणणं हा उपचार नव्हे. पुढे पहिले दोन आठवडे गोळी दिवसातून दोनदा, जेवणाआधी अर्धा तास. एच. पायलोरी या अल्सर करणाऱ्या जिवाणूची तपासणी रक्तस्राव चालू असताना किंवा या गोळ्यांवर असताना निगेटिव्ह आली, तर तिच्यावर विसंबायचं नाही, नंतर पुन्हा करायची. आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक बंद. हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने कुणी बंद करू नये. ती पुन्हा केव्हा सुरू करायची हे डॉक्टर ठरवतील.

जाता जाता, लेखाच्या डोक्यावर फोटो रॅनिटिडिन या आम्ल कमी करणाऱ्या जुन्या औषधाच्या पाकिटाचा! त्याचा असर काही दिवसांतच बोथट होतो, रक्तस्रावात त्याचा भरवसा नाही आणि २०२२ मध्ये ते आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही गेलं. फोटो निवडणाऱ्याला निदान लेख तरी वाचायला द्या.

खुलासा छापाल तर त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळक मथळ्याने छापा. पान आठवर कोडं आणि राशिभविष्याच्या मध्ये नको.

— एक वाचक, मिरज