आस्तिक कोण?

महोदय,
आस्तिक म्हणजे देव मानणारा आणि बाकी सारे नास्तिक, हे गृहीत धरून लिहिलेला ईश्वरश्रद्धेवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. लेख ओघवता आहे, पण पाया कच्चा. भारतीय दर्शनांत आस्तिकतेची कसोटी ईश्वर नव्हे, वेदप्रामाण्य, म्हणजे वेदांना प्रमाण मानणे, ही होती. म्हणूनच ईश्वराला जागा न देता प्रकृती (जड मूलतत्त्व) आणि पुरुष (चेतन तत्त्व) यांवर जगाची उपपत्ती लावणारे सांख्य दर्शनही सहा आस्तिक दर्शनांत बसते. याच सहांतल्या, वेदांतील कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसकांचे तर नवलच. यज्ञकर्माचा एवढा काटेकोर विचार क्वचितच कोणी केला असेल. तरी त्यांच्यापैकीच, साधारण सातव्या शतकातील कुमारिल भट्टांनी जगाचा कर्ता नाकारला. ‘इंद्राय स्वाहा’ म्हणताना इंद्र असतो कुठे? मीमांसकांचे उत्तर असे, की त्या चतुर्थी विभक्तीतल्या शब्दात! त्याला शरीर नाही, तो हवि (आहुतीचे द्रव्य) खात नाही, फळही देत नाही. फळ कर्मातून येते. पुढे न्याय दर्शनाच्या उदयनाचार्यांनी ईश्वरसिद्धीसाठी ‘न्यायकुसुमांजली’ लिहिली, तेव्हा त्यांच्यासमोर केवळ बौद्ध नव्हते, हे घरचे विरोधकही होते. लेखकाच्या व्याख्येने हे सारे वेदनिष्ठ नास्तिक ठरतात. पुढील लेखात दुरुस्ती व्हावी.

– एक वाचक